मदत हवी आहे: आईच्या खांद्याला ड्राय नीडलिंग (दुखऱ्या स्नायूत बारीक सुई टोचणं) करावं का? (रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत)

नमस्कार मंडळी,

आई ५८ वर्षांची, साताऱ्यात असते. तीस वर्षं घरी ब्लाउज शिवते. गेले चार महिने उजवा खांदा आणि मान धरलीय. मशीनवर अर्धा तास बसलं की खांद्यात ठणका सुरू होतो, मग कळ मानेवरून कानामागे चढते आणि कानशिलात जाऊन थांबते. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. फळीवरचा हुकांचा डबा हल्ली ती डाव्या हातानं काढते, आणि आम्ही बघतोय असं दिसलं की पटकन हात बदलते.

गेल्या दिवाळीत तिची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू. त्यामुळे खांदा दुखायला लागल्यावर आधी ईसीजी आणि बाकीच्या तपासण्या करून घेतल्या. हे हृदयाचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. मानेच्या एक्स-रेत वयाप्रमाणे झीज आहे, बाकी काही नाही. दुखण्याच्या गोळ्या त्यांनीच बंद केल्या, कारण या दोन गोळ्यांबरोबर त्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायची भीती असते. शेक आणि मलमानं तासभर बरं वाटतं, इतकंच.

एका ठिकाणी गेलो तर पाच मिनिटांत सुया काढून ठेवल्या. कुठली औषधं चालू आहेत, हेही विचारलं नाही. आईनं स्वतःहून सांगितलं तर "काही होत नाही हो". आम्ही उठून आलो.

दुसऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मात्र पाऊण तास तपासलं. खांद्याचा वरचा स्नायू अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून त्या हळूहळू पुढे सरकत गेल्या, आणि एका जागी दाबल्याबरोबर आई म्हणाली, "हां, इथंच! गेली बघा कानशिलात." त्या म्हणाल्या, हा ट्रिगर पॉइंट, म्हणजे स्नायूतली घट्ट दुखरी गाठ, ड्राय नीडलिंगनं सुटू शकेल. पण हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय सुईला हात लावणार नाही.

मला विचारायचंय ते असं. सुईसाठी गोळ्या दोन दिवस बंद ठेवतात का? खांद्यात सुई खोल गेली तर फुप्फुसाला लागते असं वाचलं आणि झोप उडाली. आणि स्टेंट असलेल्या कुणी हे करून घेतलंय का?

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आधी सर्वांत महत्त्वाचं सांगते: गोळ्या बंद करू नका. एक दिवससुद्धा नाही. स्टेंट बसवून वर्षही झालेलं नसताना या गोळ्या थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. खांद्यासाठी तो धोका कुणीही पत्करू नये. गोळ्या चालू असताना नीडलिंग अजिबात करता येत नाही असं नाही, पण तेव्हा सुया कमी, टोचणं हलकं आणि सुई काढल्यावर जागा एरवीपेक्षा जास्त वेळ दाबून धरायची. तरी काळंनिळं होईल, ते आईंना आधीच सांगून ठेवा.

फुप्फुसाबद्दल तुमची भीती खरी आहे. हा स्नायू फुप्फुसाच्या टोकावरच पसरलेला असतो. म्हणूनच तो चिमटीत उचलून धरायचा आणि सुई त्या चिमटीतच ठेवायची, छातीच्या दिशेनं कधीच नाही. नीट शिकलेल्या हातून फुप्फुसाला सुई लागणं फार क्वचित होतं, पण होतं. त्यामुळे त्या दिवशी दम लागला, छातीत दुखलं किंवा कोरडा खोकला सुरू झाला, तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. काही तासांनीही लक्षणं दिसू शकतात, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत छातीत दुखणं तर कोणत्याही कारणानं अंगावर काढायचं नाही.

सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते. पाव मिलिमीटरच्या आसपास जाड, भरीव, आणि तिच्यातून औषध जात नाही, म्हणून 'ड्राय'. प्रागचे डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ साली यावर लिहिलं होतं: इंजेक्शननं दुखणं कमी होतं त्यात औषधाइतकाच, किंवा जास्तच, वाटा सुईचा असतो. पण सुईनं मिळणारा आराम बहुतेक वेळा काही आठवड्यांचा असतो. तेवढ्या काळात मानेचे, खांद्याचे व्यायाम सुरू झाले नाहीत तर गाठ पुन्हा तिथंच येते. मशीनची आणि खुर्चीची उंची तपासलीत का? काम करताना उजवा खांदा कानाकडे उचललेला राहत असेल, तर मूळ तिथं आहे.

प्रतिसाद २

मला स्टेंट नाही, पोटरीत करून घेतलं होतं. टोचताना कळलंही नाही. मग सुई गाठीला लागली आणि पोटरी आपोआप उडाली, गळाला मासा लागल्यावर दोरीला झटका बसतो तशी. दुखलं, पण क्षणभर. दुसऱ्या दिवशी सिंहगड चढून आल्यासारखी पोटरी भरून आली होती, दोन दिवसांत उतरलं. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, आणि वापरलेली सुई कुठे टाकतात तेही बघा. मोजून घातल्या तितक्या मोजून काढल्या का, हेसुद्धा.

प्रतिसाद ३

मी सॅन होजेत राहतो. कॅलिफोर्नियात फिजिओथेरपिस्टला सुई टोचायची परवानगीच नाही, शेजारच्या काही राज्यांत आहे. म्हणजे हे कोणी करावं यावर अजून सगळीकडे एकमत नाही. तुमच्याकडे निदान डिग्री, राज्याच्या कौन्सिलची नोंदणी आणि नीडलिंगचं वेगळं प्रशिक्षण, या तिन्ही गोष्टी विचारा. विचारायला संकोच वाटू देऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळ्या बंद करायचा विचार मी खरंच करत होते, हे लिहितानाही हात कापतोय.

आज सकाळी आई शिवत असताना बाजूला बसून बघितलं. मशीन उंच आहे आणि ती बसते ते स्टूल बुटकं. कापड सरकवताना उजवा खांदा पार कानाला लागतो. खाली जुनी सतरंजी घडी करून घातली तर खांदा बोटभर खाली आला. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, तीन आठवडे हेच करू, रोज व्यायाम आणि त्या जागेवर बोटानं दाब. तोवर गुरुवारी हृदयाच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, मग सुईचं ठरवू. प्रशिक्षणाचं विचारलं तर त्यांनी न रागावता प्रमाणपत्राचा फोटो पाठवला.

एकच राहिलं. लग्नसराईचे बारा ब्लाउज हातात आहेत आणि आई ते परत करायला तयार नाही. सुई झालीच, तर किती दिवसांनी मशीनवर बसू द्यायचं?

प्रतिसाद १

त्या दिवशी नको. दुसऱ्या दिवशी हात हलका फिरवू दे, हुक-काज करू दे. खांद्याचं भरून येणं उतरलं की मशीन, तेही वीस मिनिटं बसून पाच मिनिटं उठायचं. आणि ताई, ती सतरंजी काढून उंच खुर्ची घ्या. घडी सरकते.