मदत हवी आहे: पीथमपूरहून आलेला कॉल बरोबर ३२ सेकंदांनी कटतो, आवाजही एकाच बाजूने

नमस्कार मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून विचारतोय. मी नेटवर्कवाला नाही, अकाउंट्सवाला आहे, पण ऑफिसात "याला कॉम्प्युटरचं कळतं" असा एकदा शिक्का बसला की प्रिंटरपासून फोनपर्यंत सगळं आपल्याच गळ्यात येतं.

आमचं ऑफिस इंदूरला सांवेर रोडवर, प्लांट पीथमपूरला. जुनं ईपीएबीएक्स (ऑफिसातलं टेलिफोन एक्सचेंज) यंदा पावसात गेलं तर शेठ म्हणाले नवं घ्यायचं नाही, दोन्हीकडे नेटचे पैसे भरतोच ना, मग त्यावरच इंटरकॉम करा. एका वेंडरने जुन्या पीसीवर फ्रीपीबीएक्स टाकून दिलं, म्हणजे पीसीलाच एक्सचेंज बनवणारं सॉफ्टवेअर, आत ॲस्टरिस्कच. ऑफिसात ९ आयपी फोन, प्लांटवर ४. ऑफिसला स्टॅटिक आयपी (नेटवरचा न बदलणारा पत्ता) आहे, राउटरवर कॉल जोडायचा ५०६० पोर्ट त्या पीसीकडे, म्हणजे सर्व्हरकडे, फॉरवर्ड केलाय, प्लांटचे चारही फोन रजिस्टर दिसतात. वेंडर पैसे घेऊन गेला आणि आता फोन उचलत नाही. फोन बसवणाराच फोन उचलत नाही, काय बोलणार.

आता त्रास ऐका. ऑफिसातल्या ऑफिसात एकदम झकास. पण प्लांटवरून फोन आला की आमचा आवाज त्यांना जातो, त्यांचा आम्हाला येत नाही, आणि कॉल कटतो. मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून दहा वेळा बघितलं, दरवेळी ३२ सेकंद, ना ३१ ना ३३. उलट आम्ही इकडून लावला तर कटत नाही, पण तिकडचा आवाज तरीही नाहीच. सध्या काट्यावरच्या पोराशी असं चाललंय की मी डेस्कफोनवर विचारतो "गाडी भरली का, वजन किती" आणि तो व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप करतो. शेठने हे बघितलं परवा. काही बोलले नाहीत, नुसते बघत उभे राहिले, ते जास्त वाईट.

रामबागेतले आमचे काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत, ते म्हणतात वायर तपास. कुठली वायर तपासू?

वेंडरच्या माणसाने जाताना एवढंच सांगितलं होतं की नेट स्लो आहे, २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या. आहे तो १०० चा आहे. मला नाही पटत, स्लो नेट काय घड्याळ लावून कट करतं का?

*प्रतिसाद*

दादा, प्लॅन बिलकुल वाढवू नका, स्पीडचा काही संबंध नाही. त्या ३२ सेकंदांनीच सगळं सांगितलंय. प्लांटवाला फोन लावतो, तुम्ही उचलता, तुमचा सर्व्हर त्याला "२०० ओके" पाठवतो आणि पलीकडून एसीके म्हणजे पोच यायची वाट बघतो. पोच आली नाही की तोच निरोप परत परत पाठवतो, आणि सिपमध्ये (नेटवर कॉल जोडायची-तोडायची ठरलेली पद्धत) ही वाट बघायची हद्द अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद. मग सर्व्हर स्वतःच कॉल सोडून देतो. तुम्ही लावता तेव्हा पोच द्यायचं काम तुमच्या सर्व्हरचं, ती नीट पोचते, म्हणून कटत नाही.

पोच हरवते कारण सर्व्हर आपला पत्ता १९२.१६८ वाला, घरातला सांगतोय. पीथमपूरचा फोन बिचारा त्याच पत्त्यावर पोच पण पाठवतो आणि आवाज पण, तो तिकडच्याच राउटरमागे कुठेतरी विरून जातो. फ्रीपीबीएक्समध्ये सिप सेटिंगला जा, एक्स्टर्नल ॲड्रेसमध्ये तुमचा स्टॅटिक आयपी, लोकल नेटवर्कमध्ये ऑफिसच्या आतल्या आयपी पत्त्यांची रेंज. आवाज ५०६० वरून जात नाही, आरटीपीचे, म्हणजे आवाजाच्या पॅकेटांचे, यूडीपी पोर्ट १०००० ते २०००० पण फॉरवर्ड पाहिजेत. आणि दोन्ही राउटरमध्ये सिप एएलजी नावाचं असेल ते बंद, मदत म्हणून दिलेलं असतं पण पॅकेटमधले पत्ते अर्धवट बदलून घोळच जास्त घालतं.

आणखी एक, ५०६० सगळ्या जगाला उघडा आहे ना? लॉग बघा, रात्रभर कोणी ना कोणी पासवर्ड ठोकून बघत असेल. एक्स्टेन्शन १०१ चा पासवर्ड १०१ असेल तर हा मेसेज पुढे वाचू नका, आधी तो बदला.

*धागाकर्ता*

१०१ चा १०१ च होता. बदलला.

आणि चाललं हो! एक्स्टर्नल ॲड्रेसचा रकाना कोरा होता अक्षरशः. काट्यावरच्या पोराचा आवाज डेस्कफोनवर पहिल्यांदा ऐकला, चार मिनिटं बोललो, उगाचच.

पण आज सोमवारची दहाची कॉन्फरन्स घेतली, प्लांटचे चार आणि आम्ही तिघं, तर प्लांटवाल्यांचा आवाज तुटक, मध्येच रोबोटसारखा. एकेकट्याशी दुपारी बोललं की छान येतो. मी हिशोब केला, जी७११ ला (आवाज डिजिटल करायची पद्धत) एका कॉलला साधारण ८७ केबीपीएस, चार म्हणजे ३५० च्या आसपास, ते तर काहीच नाही ना?

*प्रतिसाद*

हिशोब बरोबर आहे. दहा वाजता प्लांटवर दुसरं काय चालू होतं ते बघा. आवाजाला बँडविड्थ कमी लागते पण पॅकेट वेळेवर लागतं, दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट, ते मोठ्या अपलोडमागे रांगेत अडकलं की उशिरा येतं आणि उशिरा आलेलं फेकून द्यावं लागतं. कॉन्फरन्सच्या वेळी पिंग लावून ठेवा, पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते दिसेल. एका बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सुरळीत. राउटरमध्ये क्यूओएस (कुठलं पॅकेट आधी सोडायचं ते ठरवायची सोय) असेल तर आवाजाला पुढे काढा, फोनवर डीएससीपी ४६ (पॅकेटवरचा "हे आधी सोडा" असा शिक्का) लावा, पण ते आपल्या राउटरपुरतंच, बाहेर नेटवाली कंपनी त्याला विचारत नाही.

आणि खरं तर ते फॉरवर्डिंग सगळं काढून दोन्ही राउटरमध्ये व्हीपीएन (नेटवरूनच दोन्ही ऑफिसं जोडणारा खाजगी बोगदा) करा, वायरगार्ड प्रकारचं असेल तर बेस्ट. पोर्ट उघडे ठेवायची भानगडच मिटेल.

*धागाकर्ता*

सापडलं. प्लांटच्या सीसीटीव्हीचा बॅकअप रोज पावणेदहाला क्लाउडवर चढतो, पिंग एरवी १८, तेव्हा ४०० च्या वर. बॅकअप रात्री दोनला लावलाय.

व्हीपीएनचं करायला बसलो तर दोन्हीकडची रेंज एकच निघाली, १९२.१६८.१. एक बदलावी लागेल ना? ऑफिसची बदलली तर टॅलीचा सर्व्हर आणि तीन प्रिंटर, प्लांटची बदलली तर १४ कॅमेरे, आणि त्यातले सहा शेडवर शिडी लावूनच हाताला येतात. कॅमेऱ्यांचे आयपी डीव्हीआरमधूनच (रेकॉर्डरमधून) बदलता येतात का कोणी सांगेल का, शिडी लावायच्या आधी?