मदत हवी आहे: मिग-२१ बायसन, १/७२. मापाला खरं किट कोणतं?

नमस्कार मंडळी. वायुदलाचं मिग-२१ बायसन (म्हणजे 'बिस' या प्रकाराचं सुधारित रूप) १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाइतकं मॉडेल करायचंय. हाताशी दोन किटं आहेत. एक जुन्या साच्याचं, उठावाच्या पॅनेल रेषांचं, डब्यावर 'बिस' लिहिलेलं. दुसरं एडुआर्ड या चेक कंपनीचं बिस. मूळ विमानाची लांबी कुठे १४.७ मीटर तर कुठे १५.७६ मीटर सापडते. म्हणजे ७२ ने भागल्यावर दीड सेंटिमीटरचा फरक! जुन्या किटाचा पंखविस्तार तर १०१.५ मिमी भरतोय. कशावर भरवसा ठेवू?
– नागपूर

प्रतिसाद १
लांबी सोडून द्या. नाकापुढची पिटोची (वेग मोजण्याची) नळी कोणी धरतो, कोणी सोडतो, सगळा घोळ तिथलाच. पंखविस्तार ७.१५४ मीटर, म्हणजे १/७२ ला ९९.४ मिमी. पंख २ अंश खाली झुकलेले असतात, पण त्याने १ मिमीच्या दहाव्या भागाइतकाही फरक पडत नाही. तुमचं माप २ मिमीने जास्त आहे, म्हणजे खऱ्या विमानावर १५ सेंटिमीटर. इतकी चूक साच्यात असण्याआधी जोडणीत असते. पंखाची जीभ खाचेत पूर्ण बसली का बघा, मुळाशी फट असेल. जिभेवरची बर (साच्यातून राहिलेलं जादा प्लास्टिक) ब्लेडने खरवडा, नुसतं बसवून परत मोजा.

दुसरी खूण मुख्य चाकं. टायर ८०० × २०० मिमीचा, म्हणजे ११.१ × २.८. मोजायला प्लास्टिकची पट्टी नको, वर्निअर कॅलिपर घ्या. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात मिळेल.

धागाकर्ता
बरोबर बोललात भाऊ. बर काढल्यावर ९९.८ आलं, चाकं ११. मग जुनंच वापरू का?

प्रतिसाद २
थांबा. मापं जुळली म्हणजे आकार जुळला असं नाही. दोन्ही धडं शेजारी ठेवून पाठीचा कणा, म्हणजे कॉकपिटमागे शेपटीकडे जाणारा उंचवटा बघा. एमएफ आणि एसएमटी हे मिग-२१ चेच दुसरे प्रकार; बिसचा कणा एमएफपेक्षा जाड आणि एसएमटीपेक्षा लहान. जुन्याचा कणा एडुआर्डपेक्षा बारीक दिसला, तर डब्यावर बिस आणि आत एमएफ समजा. पुट्टी चढवून तो भरणं म्हणजे शेपटीच्या मुळापर्यंत सगळं परत घासणं. एडुआर्ड घ्या. शिवाय उठावाच्या रेषा घासून नव्याने कोरताना ०.२ मिमीची रेघ खऱ्या विमानावर १४ मिमीची फट होते, हेही लक्षात ठेवा.

प्रतिसाद १
कण्याचं पटलं. पण खरी अडचण पुढच्या काचेची. बिसला चौकटीत बसवलेली सपाट काच, बायसनला एकसंध गोलाकार. बिसच्या किटातली काच घासून गोल होत नाही, मधला भाग सपाटच राहतो. त्यामुळे साचा करून ०.२५ मिमी पारदर्शक पीईटीजी (एक प्लास्टिक) शीट त्यावर गरम करून ओढा. साचा लाकडाचा किंवा रेझिनचा हवा, किटाच्या प्लास्टिकचा उष्णतेने वाकतो. आणि साचा प्रत्येक बाजूने ०.२५ मिमी लहान ठेवा, नाहीतर काच धडाबाहेर येते.

प्रतिसाद २
अजून एक. धड बंद करण्याआधी नाकाच्या शंकूत वजन टाका, नाहीतर विमान शेपटीवर बसेल. शिशाचे छर्रे असतील तर पांढऱ्या गोंदाने चिकटवू नका. शिसं गंजून फुगतं आणि वर्षा-दोन वर्षांनी शिवण उकलते. इपॉक्सी वापरा.

धागाकर्ता
कणा खरंच बारीक निघाला. एडुआर्ड घेतो, साच्यासाठी सागाचा तुकडा आहे. नागपूरच्या मे महिन्यात ॲक्रिलिक रंग एअरब्रशच्या नोजलवरच वाळतो, त्यावर काय करता?

प्रतिसाद १
रंगात थोडं रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य), आणि सकाळी सातच्या आत फवारणी उरका.