लायसन १ वर्ष बंद केलंय, अपील टाकलं की गाडी चालवता येते का?

गाठीवाला१३: नमस्कार मंडळी, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं टॉवेलच्या गाठी ट्रान्सपोर्टला टाकायचं माझं काम, पिकअप स्वतःचा. पुढं यू टर्नला कोण जाणार म्हणून राँग साईडनं घातली, त्यात फोन कानाला, समोरनं दुधाच्या कॅनवाला मोटरसायकलवर आला आणि मला चुकवायला गेला तो पडला. त्याला फार लागलं नाही पण एक कॅन पूर्ण रस्त्यावर, ते पांढरं पाणी अजून डोळ्यासमोर आहे. चूक माझीच, मान्य. ओळखीच्या एकानं सांगितलं कबूल कर, दंड भर, विषय संपला. तर मॅजिस्ट्रेटनं कलम १८४ (धोकादायक गाडी चालवणं) खाली ५ हजार दंड आणि वर १ वर्ष लायसन बंद. आता तोच म्हणतो कबूल केल्यावर अपील होत नाही, दुसरा म्हणतो अपील टाक आणि बिनधास्त चालव. खरं काय? पिकअपचा हप्ता चालू आहे.

शेंगाचटणी: आधी तो सल्लागार बदल बे 😄

विजापूररोडकर: घाबरू नका, माझं पण झालं होतं. सात रस्त्याला सिग्नल तोडला, पोलिसांनी लायसन घेऊन आरटीओला पाठवलं. नोटीस आली, म्हणणं मांडायला बोलावलं, मी लेखी दिलं, ३ महिने सस्पेंड झालं. ऑर्डर मिळाल्यापासून ३० दिवसात वर अपील करता येतं असं तिथंच सांगितलं पण मी नाही केलं, ते चालेपर्यंत ३ महिने संपलेच असते. तुम्ही पण आरटीओतच जाऊन बघा.

कोर्टाच्या_कट्ट्यावर: विजापूररोडकर, तुमची केस वेगळी. तुमची ऑर्डर आरटीओची, कलम १९ ची. ह्यांची कोर्टानं शिक्षेसोबत केलेली, कलम २० ची, त्यात आरटीओ काही करू शकत नाही, सेशन्स कोर्टातच जावं लागतं.

गाठीवाला, कबूल केल्यावर गुन्ह्यावर भांडता येत नाही हे बरंचसं खरं आहे, पण मोटार वाहन कायद्यातच लिहिलंय की दोषी ठरवण्याविरुद्ध अपील होत नसलं तरी लायसन बंदीची ऑर्डर अपिलाचं कोर्ट रद्द करू शकतं किंवा कमी करू शकतं. हे लोकांना माहीतच नसतं. मुदत निकालापासून ३० दिवस, ऑर्डरची नक्कल मिळायला गेलेले दिवस त्यातनं वजा होतात, म्हणून नक्कलेचा अर्ज उद्याच टाका.

आणि बिनधास्त चालव म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. नुसतं अपील दाखल झाल्यानं बंदी थांबत नाही, कलम २३ बघा, अपिलाच्या कोर्टानं तसा हुकूम दिला तरच थांबते, म्हणजे अपिलासोबत स्टेचा अर्ज वेगळा द्यायचा. तोपर्यंत स्टेअरिंगला हात लावलात तर कलम १८२, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही. शिवाय तेव्हा काही ठोकलं तर इन्शुरन्सवाले भरपाईचे पैसे तुमच्याकडनं वसूल करायला मागं लागतील, पिकअप विकूनही भागणार नाही.

गाठीवाला१३: बरं झालं विचारलं, उद्या पहाटेचा माल भरणार होतो मी. पण अपिलात सांगायचं काय, चूक तर केलीय ना.

कोर्टाच्या_कट्ट्यावर: चूक नाकारायचीच नाही. मुद्दा फक्त १ वर्ष जास्त आहे हा. पहिलाच गुन्हा, आधी एकही केस नाही, दंड भरला, घर ह्याच गाडीवर चालतं. दंडाची पावती, हप्त्याचे कागद, दूधवाल्याला नुकसान दिलं असेल तर त्याचं लेखी, सगळं जोडा. हप्त्यावर फार जोर देऊ नका, राँग साईडनं गाडी घालताना हप्ता आठवला नव्हता का असा प्रश्न येतो. आणि अपिलात नाही जमलं तरी ऑर्डरपासून ६ महिने झाल्यावर त्याच मॅजिस्ट्रेटकडे बंदी उठवायचा अर्ज करता येतो. तो फेटाळला तर पुढचा ३ महिन्यांनी.

शेंगाचटणी: दूधवाल्याला दिलंस का काही?

गाठीवाला१३: नाही. तेव्हा त्यानंच हात झटकले आणि गेला. बाळे भागातला आहे एवढं माहिताय, सकाळी जाऊन शोधतो. ऑर्डर आत्ता काढून बघितली, १९ दिवस झालेत. माल मेव्हणा घेऊन जाईल, त्याचं लायसन आहे, मी शेजारी बसतो.

शेंगाचटणी: बस, पण फोन त्याच्याकडं देऊ नको.