फ्रेडरिकच्या दरबारातले वकील

'परदेशी वकिलांना, म्हणजे राजदूतांना, प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक कळलाच नाही, सगळे त्याच्या बासरीवर आणि कवितांवर भाळले', हे मला अर्धंच पटतं. १७४० च्या मेअखेरीस गादीवर आल्याआल्या त्याने छळ करून कबुली घेणं जवळपास बंद केलं, बापाची लाडकी उंचाड्यांची पलटण मोडली. तेवढ्यावर हुरळणारे होतेच. पण डेन्मार्कच्या प्रेटोरियसने ताडलं की राजा सगळं स्वतःच करतो, मंत्री नावापुरते. मग बोलणी करायची कोणाशी?

खरी गंमत डिसेंबरातली. व्हिएन्नाहून आलेल्या ऑस्ट्रियाच्या वकिलाला, मार्क्विस बोट्टाला, फ्रेडरिकच्या फौजेचा रोख ऑस्ट्रियाच्या सायलेशिया प्रांताकडे असल्याचा वास आला होता. तिकडचे रस्ते फार खराब आहेत हो, असा त्याने खडा टाकून पाहिला. राजा म्हणाला, फार तर अंगावर चिखल उडेल! पुढे बोट्टाने सुनावलं, तुमची फौज देखणी खरी, पण आमच्या फौजेने लढाई पाहिलीय. त्यावर राजा म्हणाला, देखणी म्हणताय ना, चांगलीही आहे हे दाखवतो. १६ डिसेंबरला फौजा सायलेशियात घुसल्या. अर्थात हा संवाद फ्रेडरिकनेच लिहून ठेवलाय, तेव्हा बोट्टा निरुत्तर होणारच.