जुन्या ट्रकची फ्युएल लाइन चॅसीवरून कुठून न्यावी?

प्रश्न: टाकी मागे, दोन रेलच्या (चॅसीच्या लांब तुळयांच्या) मध्ये. कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन (दाबाने इंधन फवारणारी यंत्रणा) बसवतोय, इंधनाचा दाब ५८ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). एक्झॉस्ट उजवीकडून जातो. तांब्याची नळी चालेल का?

उत्तर १: लाइन डावीकडून, रेलच्या आतल्या अंगाने न्या. रेलच्या खाली लोंबू देऊ नका, दगड तिथेच लागतात. तांबं नकोच, कंपनांनी ते कडक होतं आणि फ्लेअरपाशी (सांध्यासाठी पसरवलेल्या टोकापाशी) तडकतं. ३/८ इंची स्टील किंवा निकेल-कॉपर मिश्रधातूची नळी घ्या. दर दीड फुटाला रबरी अस्तराची क्लिप. रेलच्या भोकातून नळी नेताना ग्रोमेट (भोकात बसणारं रबरी कडं) घाला, नाहीतर भोकाची धार हळूहळू नळी कापते.

उत्तर २: इंजिन हलतं, चॅसी नाही. म्हणून शेवटचा तुकडा लवचीक होजचाच, थोडा ढिला ठेवून. होजवर '३०आर९' (इंजेक्शनच्या दाबाला चालणाऱ्या होजचा दर्जा) छापलेलं बघा. ३०आर७ कार्ब्युरेटरच्या कमी दाबापुरता. खाचांच्या पट्टीचा क्लॅम्प रबर कातरतो, गुळगुळीत पट्टीचा इंजेक्शन क्लॅम्प लावा.

उत्तर ३: कंप्रेशन फिटिंग (नळीवर रिंग आवळून केलेला सांधा) मात्र टाळा, या दाबाला भरवशाचं नाही. इंजिन सुरू करण्याआधी नुसता पंप चालवून प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू फिरवा. डाग उमटला की तो सांधा उघडून पुन्हा करा, नुसता आवळत बसू नका. अग्निशामक हाताशी हवाच.