लिटल मॅन कॉम्प्युटर: गुळाच्या १२ रव्यांचं वजन ३९० किलो का येतंय?

गूळवाला_पोरगा: डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरात. सरांनी लिटल मॅन कॉम्प्युटरची असेंब्ली, म्हणजे यंत्राच्या छोट्या छोट्या आज्ञांत प्रोग्राम, करायला दिलीय. १९६५ साली एमआयटीत स्टुअर्ट मॅडनिक यांनी शिकवण्यासाठी कल्पिलेलं हे यंत्र. ०० ते ९९ असे शंभर खण, एका खणात तीन आकडे. गुणाकाराची आज्ञा नाही, बेरीजच फिरवून फिरवून करायची.

वडील मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी आहेत, म्हणून गणित तेच घेतलं. एक रवा, म्हणजे गुळाची ढेप, ३० किलोचा, रवे किती ते इनपुट. लूप असा: एकूण उचल, ३० मिळव, ठेव. मोजणी उचल, १ वजा, ठेव. मग बीआरपीनं, म्हणजे अट बघून उडी मारायच्या आज्ञेनं, परत वर. १२ ला ३६० पाहिजे, येतंय ३९०. ५ ला १८०. कालपास्नं बघतोय, चूक घावंना.

सांगलीकर: बीआरपी काढून बीआरझेड टाक, ते फक्त शून्याला उडी मारतं.

गूळवाला_पोरगा: टाकलं. आता १२ द्या नाहीतर ५, ३०च येतंय.

जुना_मास्तर: येणारच. पहिल्या फेरीनंतर मोजणी ११, शून्य नाही, म्हणजे उडी नाही.

भावा, स्क्रीन बंद कर आणि वहीत फक्त २ रवे घेऊन चाल. पहिली फेरी: एकूण ३०, मोजणी १. दुसरी: ६०, मोजणी ०. इथं थांबायला हवं, पण बीआरपी शून्यालाही उडी मारतं. तिसरी फेरी होते, ९०. तुझा एक रवा तिथं वाढतो. मी वर्गात पोरांना हेच खडूनं फळ्यावर खण आखून करायला लावायचो. यंत्र एवढं लहान आहे ते त्यासाठीच, सगळं एका पानावर मावतं.

आधी वजाबाकी कर, मग बीआरपी, आणि उडी झाली तरच मोजणी ठेवून ३० मिळव. नाहीतर बीआरएनं, म्हणजे अट न बघता उडी मारून, शेवटाकडं. अजून एक: तू वजा केलेलं तपासायच्या आधीच ठेवतोस. खणात ००० ते ९९९ एवढंच बसतं, उणे १ ला तिथं जागा नाही.

गूळवाला_पोरगा: सर, झालं! १२ ला ३६०. ० दिलं तर ०, आधी तिथंही ३० येत होते, ते मी बघितलंच नव्हतं. ३३ ला ९९० बरोबर येतंय. ३४ ला १०२० होतात, खणात मावत नाहीत. वडील म्हणाले, आमच्यात किलो एवढे साठवत नाहीत, क्विंटल वेगळं लिहितात. आता शंभर झाले की वजा करून दुसऱ्या खणात १ वाढवायचं लिहितोय.