मदत हवी आहे: उणे 20 च्या खोलीतल्या कन्व्हेयरला कोणता गिअरबॉक्स?

नमस्कार मंडळी,

नाशिकजवळ आमचं फ्रोझन मटार आणि मक्याचं युनिट आहे. स्टोअरमधून डॉकपर्यंत खोकी आणणारा बेल्ट कन्व्हेयर, 0.75 किलोवॅटची मोटर, 40:1 वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारखा वर्म दातांचं चाक, म्हणजे वर्म व्हील, फिरवतो तो). आत उणे 20. बेल्ट रात्रभर बंद राहिला की सकाळी ओव्हरलोड ट्रिप (जास्त करंट ओढल्याने मोटर आपोआप बंद पडणं) ठरलेलाच. एकदा चालू झाला की तासाभरात अँपिअर खाली येतात. म्हणजे लोड नाही, तेल नडतंय. गिअरबॉक्सात व्हीजी 460 मिनरल तेल आहे (व्हीजी म्हणजे जाडीचा आकडा, मोठा तितकं तेल जाड), थंडीत ते काकवीसारखं होतं.

सप्लायर म्हणतो मोटर 1.5 ची करा. मला ते पटत नाही. उद्या वर्म व्हील जाईल.

माझा विचार वर्मऐवजी हेलिकल-बेव्हल गिअरबॉक्सचा (तिरक्या दातांचे आणि शंकूसारखे गिअर असलेला) आहे. एफिशियन्सी 95 टक्क्यांच्या आसपास, आणि स्टोअरमध्ये उष्णताही कमी सोडणार. पण किंमत बघून मालक तोंड फिरवतात. तोवर आहे त्याच वर्ममध्ये फूड ग्रेड पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन) सिंथेटिक तेल, व्हीजी 220, चालेल का? पीएजी (पॉलिग्लायकॉल, दुसरं सिंथेटिक तेल) टाळतोय, कारण जुनं मिनरल थोडं जरी राहिलं तरी त्याच्याशी जुळत नाही.

दुसरं दुखणं सीलचं. साधे नायट्राइल रबराचे सील कडक होऊन गळतात, आणि खाली खाण्याचा माल. व्हायटॉन (फ्लोरोरबर) सुचवतात, पण ते उष्णतेला चांगलं, थंडीला नाही, असं माझं मत. लो-टेम्परेचर नायट्राइल की सिलिकॉन? दारापाशी ब्रीदरवर (गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर जायची टोपी) बर्फ धरतो, तिथे काय लावता?

प्रत्यक्ष वापरलेल्यांनीच सांगा, कॅटलॉग माझ्याकडे ढीगभर आहेत.